टाचा टेकण्याची अट

परळी ते आष्टी आणि आष्टी ते परळी एवढ्या प्रवासाचं वर्णन लिहायला बसलेय हे कळल्यावर घरात हशा पिकला. आष्टीत काय बघायचं असतं, असं प्रत्येकानं विचारून घेतलं. लोक काश्मीरला जाऊन येतात आणि लिहितात, ही बाई आपल्याच जिल्ह्यात हिंडून आली आणि लिहितेय. पण मी काही बघायला गेलेच नव्हते. माझ्या उंचीच्या बाईला लांबच्या पल्ल्याला चालेल अशी एक दणकट मोटारसायकल आपल्या जिल्ह्यात मिळते का, एवढं शोधायला गेले होते, आणि परत आले ती डोक्यात राख घालून. परळीत राहणाऱ्या माणसाला राखेचं नवल नाही. आमच्याकडे वाळत घातलेल्या कपड्यांवरही वीजकेंद्राची राख पडते. पण ही राख वेगळी होती आणि ती अजून पुरती झटकली गेलेली नाही, म्हणून लिहिते.

माझी उंची पाच फुटांना एक इंच कमी. वैद्यनाथाच्या देवळाकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमचं दुकान आहे. बेल, नारळ, विभूती, रुद्राक्षाच्या माळा, तांब्याचे गडवे. बारा ज्योतिर्लिंगं करत निघालेली माणसं आमच्याकडे थांबतात. अलीकडे त्यांतली बरीच जण मोठाल्या मोटारसायकलींवरून येतात. दोन्ही बाजूंना डबे लटकवलेले, तोंडावर धूळ, आणि डोळ्यांत असा काही आनंद की बघणाऱ्याला हेवा वाटावा. नारळ घेताना सांगतात, "ताई, हे सातवं. इथून औंढा." मी बरं म्हणते आणि सुटे पैसे देते. अशी किती वर्षं गेली. जगभरची माणसं माझ्या दारातलं एक करून पुढं जातात आणि मी त्या एकाच्या दारात बसून उरलेल्या अकरांची वर्णनं ऐकते. यंदा दसऱ्याला ठरवलं की उरलेली अकरा आपण करायची, आणि मोटारसायकलवर करायची.

गाडी चालवणं मला नवं नाही. माहेरी किराणा होता. तिथपासून मी शंभर सीसीची गाडी चालवते, आणि मागं साखरेचं पोतं बांधून खेडोपाडी पोचवलेलं आहे. पण ती गाडी गावातली. हमरस्त्यावर शेजारून ट्रक गेला की वाऱ्यानं हलते, आणि दोन तास चालवली की हाताला मुंग्या येतात. लांब जायचं तर वजनदार गाडीच हवी, जी रस्त्याला धरून चालते आणि सामानासकट घाट चढते. हे मी कुठं वाचलेलं नाही. दुकानात थांबणाऱ्या त्या धुळकट माणसांना विचारून विचारून गोळा केलेलं आहे.

माझे दीर, उमाकांत भावजी, यांचा यात्रा कंपनीचा धंदा आहे. त्यांची बस याच बारा ठिकाणी जाते. त्यांनी माझ्यासाठी बसमध्ये एक जागा राखून ठेवली होती, आणि तीही फुकट. ऐकणाऱ्याला वाटेल, काय देवमाणूस! त्या बसच्या मागच्या अंगाला गॅसच्या टाक्या, परात आणि पिठाच्या गोण्या असतात. यात्रेकरूंना रोज दोन्ही वेळा घरचं जेवण, अशी त्यांची जाहिरात आहे. आधीच्या स्वयंपाकीणबाईंची कंबर धरली आणि त्यांनी काम सोडलं, तेव्हापासून भावजींना माझ्या मोक्षाची काळजी लागली. म्हणजे अकरा ज्योतिर्लिंगांच्या दारात जायचं आणि बसच्या सावलीत बसून बसभर माणसांच्या चपात्या लाटायच्या.

मी मोटारसायकलचं बोलले तेव्हा दुकानात भावजी होते, रात्रपाळी करून आलेले माझे यजमान होते आणि गल्ल्यावर सासूबाई होत्या.

"वैनी, मोठी गाडी म्हंजे दोनशे किलोचं धूड," भावजी म्हणाले. "चौकात उभी केली अन् पाय न्हाई पुरले तर? गाडीखाली तुमी, अन् तुमच्यावर गाडी. दोनी टाचा जमिनीला टेकतील अशी गाडी दाखवा, मी सोता नारळ फोडतो. न्हाईतर निमूट बशीत बसायचं."

"हे बरोबर हाय," यजमान म्हणाले आणि झोपायला गेले.

सासूबाई वाती वळत राहिल्या. मीही रागाच्या भरात हो म्हणून बसले. भावजी म्हणाले, "मी येतो संगं. मापात पाप नगं." घरचा माणूस साक्षीला यायला एका पायावर तयार झाला, यातच काय ते समजा.

अंबाजोगाई

निघालो माझ्याच शंभर सीसीवर. भावजी सहा फूट उंच आहेत. त्या गाडीवर त्यांचे गुडघे हँडलला लागतात, वळताना एक गुडघा बाहेर काढावा लागतो. तरी चालवणार तेच, कारण वहिनी पुढं आणि दीर मागं असं दिसलं तर लोक काय म्हणतील! दोन्ही टाचा मात्र त्यांच्या टेकत होत्या, हे मान्य केलं पाहिजे. गुडघ्यांसकट टेकल्या असत्या.

शोरूमच्या दारात काच पुसलेली, आत थंडगार. विक्रेता तरुण होता, शर्ट खोचलेला. धावत आला तो थेट भावजींकडे.

"या सर! काय बघायचंय?"

"यांना बघायचीय," भावजींनी अंगठ्यानं मागं दाखवलं.

"मॅडम, स्कूटर त्या साईडला हायती."

मी म्हटलं, मला स्कूटर नको, लांबच्या प्रवासाची मोठी मोटारसायकल दाखवा. तो हसला आणि भावजींकडे बघत राहिला, म्हणजे मी बोलले ते त्यांनी मराठीत सांगावं. शेवटी एका काळ्याभोर गाडीजवळ नेलं. गाडी मेन स्टँडवर होती. मी चढून बसले आणि हँडल धरलं, तोच त्यानं मोबाईल काढला.

"फोटो घेऊ का मॅडम? सगळ्या मिशेस लोकं घेतात."

आमच्याकडे नव्या गाडीच्या हाराबरोबर बायकोचाही फोटो काढायची पद्धत आहे. नारळ, पेढे, हार आणि बायको. बायको मागच्या सीटवर, पदर सावरत. मी म्हटलं, फोटो राहू द्या, गाडी स्टँडवरून काढा. काढली. माझे फक्त अंगठे जमिनीला लागले. छापील माहितीत सीटची उंची बेताची दिली होती, पण सीट इतकी रुंद की पाय बाजूला फाकतात आणि तेवढेच आखूड पडतात. सीटच्या रुंदीबद्दल कागदावर कुणी अवाक्षर छापत नाही. बसायला मात्र ती राजेशाही होती. त्या सीटवर मी काशीपर्यंत गेले असते, फक्त मध्ये कुठं थांबले नसते.

गाडी एका अंगाला झुकायला लागली तसं त्या विक्रेत्यानं घाईघाईनं हँडल धरलं. मग टेस्ट राइडची चावी त्यानं भावजींना दिली. भावजींना गाडी घ्यायची नव्हती, त्यांनी ती मागितलीही नव्हती. तरी ते गेले आणि चांगली मोठी चक्कर मारून आले. मी तोवर प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसून पाणी प्याले.

"मागं बसायला लई आरामशीर हाय, मॅडम," विक्रेता मला समजावत होता.

केजच्या अलीकडे एका हॉटेलात आम्ही धपाटे आणि दही खाल्लं. धपाटे उत्तम होते, ज्वारीचे, वर तिळाचा थर. पण रागात जेवलेलं अंगी लागत नाही, तसं झालं. भावजींनी चार खाल्ले. टेस्ट राइडनं भूक लागते म्हणाले.

बीड

बीडच्या शोरूममध्ये गाड्या जास्त आणि उपदेशही जास्त. तिथली प्रवासी गाडी तर एवढी उंच की फूटरेस्टवर पाय देऊन तिच्यावर चढावं लागलं, ओट्यावर चढतात तसं. वर बसले आणि खाली बघितलं तर जमीन दूर राहिली होती. भावजी खुशीत होते. ते खाली वाकून बघायचे आणि मान हलवायचे. ते वाकणं मला जास्त झोंबत होतं. चाळिशी ओलांडलेली बाई, दुकान सांभाळते, घर सांभाळते, आणि शोरूमभर चार पुरुष तिच्या पायाखाली वाकून बघताहेत.

"गादी कापून देऊ की," मॅनेजर म्हणाले. "आतला फोम काढायचा. चार बोटं खाली येताल."

अशी गादी कापलेली एक गाडी त्यांच्याकडे दुरुस्तीला आली होती, तिच्यावर बसवलं. पाय जरा खाली आले खरे, पण खाली नुसता पत्रा. दोन मिनिटांत माकडहाडानं तक्रार केली. मी म्हटलं, यावर बसून मी फार तर मांजरसुंब्यापर्यंत जाईन, सोमनाथापर्यंत कशी जाणार?

"मग उंच टाचेचे बूट घाला."

मॅनेजर हसत नव्हते. त्यांना खरंच वाटत होतं की हा उपाय आहे. बाकीचे हसले, भावजी सगळ्यांत मोठ्यानं. मी म्हणाले, "साहेब, मला गाडी चालवायचीय, वरातीत नाचायचं नाही." आणि बाहेर आले.

बाहेर येऊन चौकात उभी राहिले, कारण भावजींचा चहा व्हायचा होता. सिग्नल लागत होता, सुटत होता. मी नुसती बघत राहिले. एक पट्ठ्या दुभाजकावर पाय ठेवून उभा. दुसऱ्यानं शेजारच्या रिक्षाला पाय लावलेला. तिसऱ्याच्या मागं तीन पोती, आणि तो एका पायाच्या चवड्यावर. एवढी माणसं आली आणि गेली, दोन्ही टाचा टेकून उभा असलेला एकही दिसला नाही. यांना कुणी अट घातली होती? यांच्या आईनं, बापानं, दिरानं कधी यांच्या पायाखाली वाकून बघितलं होतं? माझं डोकं असं भणाणलं की भावजी चहा घेऊन आले तेव्हा मी तो तसाच परत पाठवला.

मुक्काम धाकट्या बहिणीकडे, सरोजकडे होता. तिनं येसर आमटी केली होती, भाजून दळलेल्या धान्य-मसाल्याची. आम्हा मराठवाड्यातल्या माणसांना येसराचा वास आला की अर्धा राग तिथंच उतरतो. भाकरी कुस्करून खाताना मी सगळं सांगितलं. सरोजचे यजमान म्हणाले, "आक्का, या वयात कावून नसता ताप?" मी त्यांना वय विचारलं. ते माझ्याहून मोठे निघाले, आणि त्यांनी आमटीची वाटी पुढं ओढली.

सरोज मात्र विचार करत होती. तिच्या नणंदेचं सासर आष्टीचं. तिथं एका पुढाऱ्यांनी मोठी, बुटकी, लांबलचक गाडी घेऊन ठेवलीय आणि ती नुसती उभी असते, असं तिनं ऐकलं होतं. "इकत्यात का न्हाई ठाव न्हाई," ती म्हणाली, "पर बघून तर ये."

कपिलधार

आष्टीला जायच्या वाटेवर जरा आत वळून कपिलधारला गेलो. आम्ही लिंगायत, आमच्या घरी कपिलधारवरून पुढं गेलं आणि तिथल्या स्वामींच्या समाधीला डोकं टेकवलं नाही, असं होत नाही. भावजींचंही याबाबतीत दुमत नव्हतं. रस्त्याला दोन्ही बाजूंनी सीताफळांच्या टोपल्या लागल्या होत्या. डोंगरातली सीताफळं, लहान पण साखरेसारखी. एक फोडून उभ्या उभ्या खाल्लं आणि बिया भावजींच्या उलट्या दिशेला थुंकल्या. पावसाळा सरला होता तरी धबधब्याची धार बऱ्यापैकी पडत होती.

खाली बिदरकडच्या माणसांचा एक जथा उतरला होता, पाच-सहा मोठ्या मोटारसायकली घेऊन. त्यांच्यात शिवराज नावाचे एक डाळीचे व्यापारी होते. शरणार्थ, म्हणजे आमच्यातला नमस्कार, झाला, गावांची नावं निघाली, त्यांच्या मेहुण्यांचं आणि आमचं लांबचं नातंही निघालं. मी त्यांच्या गाडीकडे बघत होते ते त्यांनी हेरलं.

"बसनार का आक्का?"

दोन दिवसांत मला असं विचारणारा हा पहिला माणूस. त्यांची गाडी बरीच ठेंगणी होती. मी बसले, चवडे टेकले. त्यांनी चावी माझ्याच हातात दिली. मी चालवली, देवळाच्या आवारापासून वरच्या वळणापर्यंत आणि परत. काय सांगू! गाडी वजनदार, पण चालू लागल्यावर ते वजन कुठं जातं कळत नाही. आवाज छातीत घुमतो. वळणावर गाडी जराशी नजर वळवली तरी वळते. मला रडू येईल की काय असं वाटलं.

मग मी थांबले, आणि चुकीच्या जागी थांबले. उजव्या अंगाला जमीन उतरती होती आणि वर बारीक खडी. उजवा पाय टेकायला गेले तर तिथं जमीनच नव्हती. गाडी सावकाश, अगदी सभ्यपणानं आडवी झाली आणि मी तिच्या बाजूला बसले. लागलं काही नाही. पण आवारातली सगळी माणसं धावली, आणि मला उठवायच्या आधी प्रत्येकानं एकेक सल्ला दिला.

शिवराज तेवढे शांत होते. गाडी उचलून त्यांनी आरसा सरळ केला. "मी पन याच महिन्यात पडलो," ते म्हणाले. "थांबायच्या आदी जमीन बघायची. बाकी काय न्हाई."

मी ओशाळून समाधीच्या दर्शनाला गेले. बाहेर येते तो फोन वाजला. यजमान होते. "पडलीस म्हणं?" मी डोळे मिटून हात जोडले तेवढ्या वेळात भावजींनी परळीला बातमी दिली होती. त्यांनी आपल्या बसच्या ड्रायव्हरलाही कळवलं होतं. ड्रायव्हरचा काय संबंध, असं मी विचारलं.

"म्हनलं, कोऱ्या परातीचं बघून ठिव," भावजी म्हणाले.

त्या वेळी हातात सीताफळ असतं तर मी ते नेम धरून मारलं असतं. देवाच्या दारात असं मनात आलं, पण आलं.

आष्टी

आष्टीत पोचलो तेव्हा बाजार भरला होता. ऊसतोडीला निघालेल्या टोळ्यांचे ट्रॅक्टर रस्त्याच्या कडेला रांगेनं उभे होते, ट्रॉल्यांवर भांडीकुंडी, पत्रे, सरपण, आणि त्यावर माणसं चढत होती. बायका चाकावर पाय देऊन, दोरीला धरून, एका झटक्यात वर. त्यांच्या उंचीचं कुणाला काही पडलेलं नव्हतं. कामाला जायचं असलं की बाई कशावरही चढलेली चालते, मग तिच्या टाचा कुठं आहेत हे कुणी बघत नाही.

पुढाऱ्यांना गावात आबा म्हणत. घर मोठं, अंगणात पत्र्याची शेड, आणि शेडमध्ये चादर पांघरलेली ती गाडी. चादर काढली तर हँडलला मागच्या मिरवणुकीचा वाळलेला हार तसाच. गाडी खरोखरच बुटकी, लांब, रुंद टायरांची होती. सीट खोलगट, पुढं निमुळती.

"पावनं, कोनासाठी बगताय?" आबांनी भावजींना विचारलं. मी शेजारीच उभी होते.

"वैनीसाठी."

"ह्यांच्यासाठी?" आबा मला वरून खाली आणि खालून वर बघत म्हणाले. "हत्ती हाय ह्यो, हत्ती. बाईमानसाचं काम न्हाई."

मी आबांकडे नीट बघितलं. फेटा वजा केला तर आबा माझ्याहून फार तर बोटभर उंच असतील.

"आबा, तुमचे टेकतात का हो पाय?" मी विचारलं.

"आमाला कशाला टेकायचे? मिरवनुकीला बसतो आमी. दोन्ही अंगानं कार्यकर्ते धरत्यात. हळूहळू ढकलत न्हेत्यात."

हे त्यांनी अभिमानानं सांगितलं, आणि भावजींनी अदबीनं मान डोलावली! दोन माणसं धरून ढकलत नेतात त्या माणसाच्या टाचा कुणी मोजायच्या नाहीत, आणि मी हजार खेपा एकटीनं चालवलेली, तर माझ्या मोजायच्या. मी काहीतरी वाईट बोलणार होते. तेवढ्यात घराच्या दारातून आबांच्या मालकीणबाई बोलल्या.

"इकून टाका की ती एकदाची. पुसून पुसून हात गेले माजे. वरसातनं दोनदा बाहेर निगती, अन् फडकं रोज माज्याच हातात."

"अगं, इज्जत हाय ती आपली."

"मग इज्जत तुमी पुसा."

आबांचा आवाज त्यानंतर जरा उतरला. मला बसू दिलं. पाय सोडले आणि दोन्ही चवडे पूर्णच्या पूर्ण जमिनीला टेकले. हँडल आपणहून हाताशी आलं, पुढं वाकावं लागलं नाही. वजन सगळं खाली, गुडघ्यांच्याही खाली. मी बसल्या बसल्या पायानं रेटून गाडी शेडमधून मागं घेतली. जड गाडी पुढं नेणं सोपं असतं, मागं घेतानाच माणसाची परीक्षा होते. मला जमलं.

भावजी अंगणात गुडघे टेकून बसले. माझ्या बुटाच्या टाचेखाली त्यांनी दोन बोटं सरकवली. ती आरपार गेली. दुसऱ्या बाजूला येऊन पुन्हा सरकवली. तिकडेही गेली.

"न्हाई टेकत, वैनी," ते हात झटकत म्हणाले. "शर्त ती शर्त."

मी चावी फिरवली. गाडी सुरू केली आणि रस्त्यावर काढली. ट्रॅक्टरच्या रांगेजवळ गर्दी होती. मी आधी जमीन बघितली, सपाट जागा निवडली आणि थांबले. व्यवस्थित थांबले. ट्रॉलीवर चढून बसलेली एक बाई वरून ओरडली, "ए बाय, लई भारी गाडी हाय! कोनाची?"

"माझी," मी म्हणाले.

अजून झाली नव्हती, पण तोंडातून गेलं ते गेलंच. परत येईपर्यंत मालकीणबाईंनी आबांना विकायला राजी केलं होतं, मी व्यवहार पक्का केला. दुकानातला माझा वाटा मी कधी उधळला नव्हता, आता वापरला. आबांनी कागद माझ्या नावावर करायचं कबूल केलं, मालकीणबाईंनी खव्याचा पेढा हातावर ठेवला, आणि मग आबांनी चावी भावजींच्या हातात दिली. पैसे मी दिले, गाडी मी घेतली, चावी भावजींना! मी ती त्यांच्या मुठीतून काढून घेतली. भावजी म्हणाले, घ्या, पण जायचं बशीतच. मी म्हणाले, ते घरी ठरेल.

परळी

येताना पहिल्यांदा भावजींना माझी शंभर सीसी एकट्यानं चालवावी लागली, गुडघे बाहेर काढून. मी पुढं. पाटोद्यापासून पुढं आरशात ते मला फारसे दिसलेच नाहीत. मला आनंद व्हायला हवा होता, झालाही होता, पण पुरता नाही. गाडी हाताखाली होती आणि तरी मला परातीसमोर बसायचं होतं, केवळ दोन बोटांच्या फटीसाठी. मीच हो म्हणाले होते. आमच्या घरात दिलेला शब्द देवापुढच्या दिव्यासारखा सांभाळतात, आणि तो पुरुषांचा विझला तर वारा होता म्हणतात, बायकांचा विझला तर बाईच तशी.

दिवे लागायच्या सुमाराला दुकानापुढं गाडी उभी केली. शेजारचे पेढेवाले आले, फुलवाले आले, यजमान कामावर निघायच्या तयारीत होते ते थांबले. भावजी मागून धुळीनं माखून पोचले, आणि पाणीही न पिता त्यांनी जाहीर केलं, "टेकत न्हाईत! या, बगा सगळे!"

मला गाडीवर बसायला लावलं. मी बसले. भावजींनी रस्त्यात बसकण मारली आणि माझ्या डाव्या टाचेखाली बोटं घातली. "दिसतंय का? आरपार. दादा, तूच सांग आता."

यजमान वाकले, बघितलं आणि माझ्याकडे बघायचं टाळून म्हणाले, "फट हाय खरी."

सासूबाई पाणी, कुंकू आणि लिंबू घेऊन बाहेर आल्या होत्या. त्यांनी चाकावर पाणी घातलं, दिव्याला कुंकू लावलं, लिंबू चाकाखाली ठेवलं. आमच्या घरी नवी गाडी आली की पहिली फेरी घरातल्या थोरल्या माणसाला मागं बसवून देवळाच्या दारापर्यंत. सायकल आली तेव्हा मामंजी बसले होते. भावजींची बस आली तेव्हा सासूबाईच पुढच्या सीटवर बसल्या होत्या. त्यांनी दुकानातलं स्टूल ओढलं, माझा खांदा धरला आणि म्हणाल्या, "सरका रं. मला बसू द्या."

"आई, थांब जरा, माप चाललंय," भावजी खालून म्हणाले. बोटं तशीच होती, फुलवाल्यांना अजून नीट दिसली नव्हती.

सासूबाई अंगानं चांगल्या भरलेल्या आहेत. त्या मागं बसल्या आणि गाडी, एखादी म्हैस बसते तशी, मागच्या अंगानं खाली गेली. माझे गुडघे सैलावले. तळव्याला काहीतरी नवंच लागलं, सपाट आणि थंड. आणि त्याच क्षणी खालून बोंब आली.

"आई गं! बोटं! बोटं सापडली! उतर, आई, उतर!"

"कावून उतरू? आताच तर बसले."

यजमान धावले. डावीकडे वाकले, मग फिरून उजवीकडे वाकले. मी पाय जरासा उचलला तेव्हा भावजींनी बोटं ओढून काढली आणि तोंडात घातली. पाय पुन्हा टेकला, टाचेसकट.

"टेकली की रं उमा," यजमान म्हणाले. "दोन्ही."

"आई मागं बसलीय म्हनून! हे चालत न्हाई!"

"शर्त टाचा टेकायची होती," यजमान सावकाश म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदाच मला त्यांचा आवाज गोड वाटला. "मागं कोन बसलंय त्याची न्हाई."

सासूबाईंना शर्तीशी घेणंदेणं नव्हतं. त्या मागं नीट मांडी सावरत होत्या. माझ्या खांद्यावरची पकड त्यांनी घट्ट केली.

"औंढा किती लांब हाय गं शैला?"

"सकाळी निघालं तर दुपारच्या आत पोचू."

"मग पयलं तितंच न्हे मला. लगीन झाल्यापसनं जाईन जाईन म्हनते, कोनी न्हेलं न्हाई. तितनं मी येष्टीनं माघारी येते, तू तुजी फुडं जा." मग त्यांनी खाली बघितलं. भावजी रस्त्यात बसून बोटांवर फुंकर घालत होते.

"उमा, सुजली का रं? हळद लाव," त्या म्हणाल्या. "अन् बरी झाली की तुज्या बशीतल्या चपात्या तूच लाट."